फुकटीचा वळसा

वर्षातून एकदा, थंडी ओसरायला लागली की एखाद्या रविवारी, उजाडता उजाडता काही माणसं सलूनच्या दारातून पळत निघायची आणि अख्ख्या शहराला फेरा घालून दिवस कलायच्या सुमाराला पुन्हा त्याच दारात यायची. मॅरेथॉनपेक्षाही कितीतरी लांबचा पल्ला. त्यासाठी कुणी कुणाला छदाम द्यायचा नाही, म्हणून तिला सगळे ‘फुकटी’ म्हणायचे. “काय, यंदा आहात ना फुकटीला?” असं बसमध्ये कुणी विचारलं की शेजारी बसलेल्यांचे कान टवकारायचे. फुकट काय मिळतंय ते कळावं म्हणून.

मिळायचं काहीच नाही. छातीवर लावायला नंबर नाही, गळ्यात घालायला पदक नाही. नियम कुठं लिहिलेले नव्हते, ते सलूनवाल्याच्या तोंडी होते. आपलं पाणी आणि आपलं खाणं आपल्या पाठीवर. संपलं तर वाटेतल्या दुकानातून घ्या, बागेतल्या नळाला ओंजळ लावा. पण घरच्या माणसानं कोपऱ्यावर बाटली घेऊन उभं राहायचं नाही. सिग्नल लाल असला तर सगळ्या जगासारखं थांबायचं. अंग साथ देईना तर बस धरून निमूट घरी जायचं, फक्त सलूनमध्ये निरोप द्यायचा, म्हणजे बाकीचे वाट बघत ताटकळणार नाहीत. आणि पहिला येवो की शेवटचा, प्रत्येकाला सलूनच्या खुर्चीत बसवून सलूनवाला तोंडावर एक गरम टॉवेल टाकायचा. त्या टॉवेलखाली भले भले हमसून रडले होते. सलूनवाल्यानं त्यातलं एक अक्षर कधी बाहेर जाऊ दिलं नाही.

फुकटीचा रस्ता आखायचे ड्रायव्हरकाका. उभा जन्म त्यांनी शहराची बस चालवली होती. कुठल्या गल्लीत ट्रक उलटा येतो, कुठल्या उतारावर पाणी साचतं, कुठं सकाळी फूटपाथवर भाजीच्या पाट्या उतरतात, हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी आखलेल्या रस्त्याला कुणी नाव ठेवायचं धाडस करत नसे. एक वळसा सोडून.

रेल्वेच्या गोदामांपासून रस्ता सरळ खाली उतरायचा आणि एका मोठ्या चौकात जायचा. काकांची फुकटी मात्र गोदामांपाशीच डावीकडे वळायची. शाळेच्या भिंतीच्या कडेनं टेकाड चढायची, पाण्याच्या टाकीला प्रदक्षिणा घातल्यासारखी फिरायची, मागच्या वस्तीतून खाली उतरायची आणि चौक चांगला मागे पडल्यावर पुन्हा त्याच सरळ रस्त्याला येऊन मिळायची. दमलेल्या पायांना तो चढ म्हणजे शिक्षा. लोक धापा टाकत चढायचे आणि काकांचा उद्धार करायचे. “टाकीपाशी काकांचं माहेर आहे बहुतेक,” असं कुणीतरी दरवर्षी म्हणायचंच.

काकांबरोबर पळणाऱ्या त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणायचे; त्या हसायच्या नाहीत आणि चिडायच्याही नाहीत. मान खाली घालून चढायच्या. तो वळसा कशासाठी आहे ते त्यांना ठाऊक होतं.

त्यांची लेक त्या चौकात गेली होती. एकुलती एक. चष्म्याच्या दुकानात नुकती कामाला लागली होती. संध्याकाळी सुटली की बापाच्या बसनं घरी यायचं म्हणून औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर थांबायची. त्या दिवशी एका टेम्पोचे ब्रेक गेले आणि तो फूटपाथवर चढला. काका तेव्हा बस घेऊन मागेच कुठंतरी गर्दीत अडकले होते. पुढं काय झालंय ते न कळून हॉर्न वाजवत बसले होते. नंतर त्यांनी डेपोत अर्ज देऊन रूट बदलून घेतला, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांची बस शहराच्या दुसऱ्या अंगालाच धावली. घरात त्यावर बोलणं झालं नाही. काका बोलले नाहीत, म्हणून काकूंनी विचारलं नाही.

काकू दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होत्या. दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढं उभं राहून चादरी दाबायच्या. लेक गेल्यावर त्यांना पहाटे घरात बसवेना. उठायच्या आणि चालत सुटायच्या. चालता चालता पाय उचलायला लागले आणि पळणं झालं. पळताना मनात देवाचं नाव घ्यायच्या, एका पावलाला एक. मागणं काही नसायचं. मागण्यासारखं होतं ते देवानं आधीच नेलं होतं. पण नाव घ्यायचं सोडलं तर मधल्या मोकळ्या जागेत काय येऊन बसेल याची त्यांना धास्ती वाटायची. तो नेम त्यांनी कधी मोडला नाही. अंधारात बायकोला एकटी कशी सोडायची म्हणून काकाही मागून पळायला लागले. सलून उघडता उघडता हे जोडपं रोज समोरून जाताना दिसायचं. सलूनवाल्यानं एके दिवशी हटकलं, “फुकट पळताच आहात तर आमच्यात येऊन पळा की.” अशी दोघं फुकटीत आली.

या वर्षी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरनं पळणं कायमचं बंद केलं होतं. तरी रस्ता ठरवायला ते काठी टेकत सलूनमध्ये आले, सोबत काकू. सलूनमध्ये पाचसहा जण खुर्च्यांवर, बाकावर, कुणी दारातच टेकलेलं. त्यात गेल्या वर्षीपासून यायला लागलेला एक इंजिनिअर होता. मनगटावर ताटलीएवढं घड्याळ बांधायचा, ते त्याची धडधडसुद्धा मोजायचं, म्हणून त्याला सगळे घड्याळवाला म्हणायचे. स्वभावानं सरळ, फक्त तोंड आवरायचं नाही.

“काका, राग मानू नका,” तो म्हणाला, “पण तो टाकीचा वळसा या वर्षी काढू या ना. अंतर कमी पडेल म्हणत असाल तर कालव्याकाठानं वाढवू. झाडं आहेत, सावली आहे. टाकीपाशी काय आहे? कुत्री.”

“वळसा राहील,” काका म्हणाले.

“पण का?”

“का म्हणजे? इतकी वर्षं आहे म्हणून.”

“इतकी वर्षं माझी दाढसुद्धा किडलेलीच होती, शेवटी काढलीच ना?”

हशा झाला. सलूनवाला गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा धरून हसू आवरत होता. काकांनी मात्र काठी जमिनीवर आपटली.

“मी नसलो म्हणून काय झालं? ही पळणार आहे ना! हिला नाही झेपत तो सरळ रस्ता.”

“काकूंना?” घड्याळवाल्यानं डोळे मोठे केले. “अहो, सरळ रस्त्याला उतार आहे, काका! चढ सगळा तुमच्या वळशात आहे. काकूंची एवढी काळजी असेल तर त्यांना टाकीवर कशाला चढवता?”

पुन्हा हशा झाला. या वेळी बँकेत काम करणारी मुलगीसुद्धा हसली, आणि हसून काकूंच्या खांद्यावर डोकं टेकवलं. काकू हसल्या नाहीत. त्या काकांकडे बघत होत्या. इतकी वर्षं त्या टाकीचा चढ चढल्या होत्या त्या काकांसाठी. काकांना तो कोपरा बघवणार नाही, म्हणून. आणि आज भर सलूनमध्ये काका सांगत होते की ते सगळं हिच्यासाठी आहे.

शेवटी सलूनवाल्यानं तोडगा काढला. “हे बघा, या वर्षी सरळ जाऊ, कालवा धरू. ज्याला वळसा हवा त्यानं वळसा घ्यावा. फुकटीत कोण कुणाचा हात धरतंय?”

काका उठले आणि काठी टेकत बाहेर पडले.

घरी आल्यावर काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली. काका खिडकीबाहेर बघत होते.

“त्यांचं ऐकू नकोस,” ते म्हणाले. “तू आपली वळशानंच जा.”

“मी काय म्हणते…”

“काही म्हणू नकोस. वळशानं जा म्हणजे जा.”

“पण तुम्हीच नाही आहात या वर्षी. मग कुणासाठी जाऊ?”

काका वळून त्यांच्याकडे बघत राहिले. “बर्फ फार गार आहे,” एवढंच ते म्हणाले. काकूंनी पिशवीखाली पंचा सारला.

फुकटीच्या दिवशी काकूंनी पाठीवरच्या पिशवीत उकडलेले बटाटे, मीठ, पाव, केळी आणि मोज्यांचा एक जादा जोड भरला. अंगठ्याला पट्टी बांधली, काखेत जिथं कापड घासतं तिथं मलम चोळलं. काका उठून बसले होते. दारापर्यंत आले. “मी सलूनमध्ये असेन,” म्हणाले. शेवटाला घरच्यांनी असायला फुकटीत मनाई नव्हती.

सुरुवातीला सगळे एकत्र पळाले, नेहमीसारखे. ठोक भाजीबाजारापाशी चिखल चुकवता चुकवता घोळका फुटला. घड्याळवाला वाऱ्यासारखा पुढं गेला. काकू दरवर्षी शेवटीच असायच्या आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यावर बँकवाली लंगडताना दिसली.

“काय गं, टाच?”

“टाच. तुम्ही व्हा पुढं, काकू.”

“मी कुठं पुढं जाणारी! चल, थोडं चालू. पाव खा.”

दोघी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. काकूंनी तिचा बूट काढला, मोजा उलटा करून झटकला, टाचेवर स्वतःची पट्टी डकवली. मुलगी मीठ लावलेला बटाटा खात म्हणाली, “माझी आई म्हणते, एवढे कष्ट करून काय मिळतं तुला? काही मिळत नाही म्हटलं तर तिला खोटं वाटतं.”

“आईला काळजी असते.”

“तुम्हाला काय मिळतं, काकू?”

काकूंनी बुटाची नाडी आवळली. “दिवस जातो,” त्या म्हणाल्या.

कालव्याकाठी खरंच सावली होती. घड्याळवाला खोटं बोलला नव्हता. पुढं पूल, पुलापलीकडे गिरण्यांची लांबच लांब भिंत. उन्हं चढली. बागेतल्या नळावर काकूंनी बाटल्या भरून घेतल्या, मानेवर पाणी मारलं. एका बाकावरचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, “कुणाच्या मागं लागलात बाई एवढ्या?” “कुणी पुढं नाही दिसत हो,” काकू म्हणाल्या, तसे ते मनापासून हसले. मग गोदामं लागली. पत्र्याच्या लांबलचक शेड, जुन्या रुळांवर उगवलेलं गवत. आणि ते वळण.

“काकू, कुठून?” बँकवालीनं विचारलं. तिला टेकाड नको होतं, पण काकूंना एकटं सोडायचंही नव्हतं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

“तू हो सरळ पुढं. मी पाणी पिऊन येते.”

मुलगी गेली. काकू शाळेच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या. डावीकडे चढ, ओळखीचा. त्या चढावरची प्रत्येक भेग त्यांच्या पायांना माहीत होती. काकांनी सांगितलं होतं. आणि काकांचं त्यांनी आजवर कधी मोडलं नव्हतं. पण इतकी वर्षं दोघंही एकमेकांसाठी हा चढ चढत होती, आणि लेक जिथं गेली तिथं जाऊन दोघांपैकी कुणी हातसुद्धा जोडले नव्हते. आपल्या लेकराच्या जागेकडे पाठ करून आपण देवाचं नाव घेत राहिलो, असं त्यांना तिथं उभ्या उभ्या पहिल्यांदाच वाटलं, आणि ते सहन होण्यासारखं नव्हतं.

त्या सरळ निघाल्या.

उतार होता, तरी पाय जड झाले. त्यांनी मान खाली घातली. एका पावलाला एक नाव. मनात तो चौक होता तसा उभा होता. चार दिशांनी येणारे चार रस्ते, मधला सिग्नल, कोपऱ्यावर औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी, तिच्याखाली फूटपाथ. आता येईल. आता दिसेल. दिसला की थांबायचं, डोळे उघडे ठेवायचे, पळून जायचं नाही. गाड्यांचा आवाज वाढला, अंगावरून गारवा गेला, पुन्हा ऊन आलं. त्या पळत राहिल्या. बराच वेळ झाला तरी चौक येईना, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. समोर पेट्रोल पंप होता. हा पंप तर चौकाच्या पुष्कळ पुढं होता.

पंपावरच्या माणसाला त्यांनी विचारलं, “मोठा चौक किती लांब आहे हो अजून?”

“चौक? चौक मागं राहिला की मावशी. पुलाखालून आलात ना? तोच.”

“पुलाखालून?”

“अहो, तो मोठा उड्डाणपूल. तोच चौक. आता वरून जातात सगळे.”

पूल झाल्याचं काकूंनी ऐकलं होतं. धुलाईघरातल्या बायका म्हणायच्या, त्या बाजूला पूल झाला, बस लवकर येते. पण मनातल्या चौकावर तो पूल कधी चढलाच नव्हता. त्या मागं फिरल्या. फुकटीत मागं फिरून कुणी पळत नाही.

पुलाखाली गार सावली होती. मोठमोठे खांब, खांबांवर जाहिराती, मधे लोखंडी जाळीचं कुंपण. चार रस्ते असे राहिलेच नव्हते. एक वर गेला होता, एक बंद केला होता, दोन वाकडे होऊन कुठंतरी निघून गेले होते. काकूंनी औषधाच्या दुकानाची पाटी शोधली. ज्या बाजूला दुकान असावं असं वाटलं त्या बाजूला मोबाईलच्या दुकानांची काचेची इमारत होती. त्या आत गेल्या. घामानं थबथबलेली बाई बघून दुकानातला तरुण दचकला.

“इथं औषधाचं दुकान होतं का हो?”

“पुढच्या गल्लीत आहे मॅडम. काही लागलंय का तुम्हाला?”

“नाही, नाही. इथलं. जुनं.”

“मी नवीन आहे मॅडम,” तो म्हणाला. मग त्यानं स्टूल पुढं केलं. “बसता का? पाणी देऊ?”

“आहे माझ्याकडे,” काकू म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

त्यांनी ठरवून बघितलं. गोदामांकडून येणारा रस्ता हा. म्हणजे सिग्नल इथं असणार. म्हणजे कोपरा… त्या चार पावलं चालल्या, खांब आला. खांबाला वळसा घालून गेल्या, तर रस्ताच होता, त्यावरून मोटारी धावत होत्या. कदाचित तिथं, त्या धावत्या मोटारींखाली. कदाचित या खांबाच्या पोटात. कुठं हात जोडायचे ते कळेना. त्यांनी एकदा खांबाकडे बघून हात जोडले, आणि खांबावर दात घासणाऱ्या बाईचं चित्र होतं, म्हणून लगेच सोडले.

“सरका ना मावशी, मधेच काय उभ्या राहिलात!” मागून एका बाईनं बाबागाडी रेटली.

काकू सरकल्या. रडू येईल म्हणून त्यांनी पदराचं टोक हातात धरावं तसं पिशवीच्या पट्ट्याचं टोक धरून ठेवलं होतं. रडू आलं नाही. खूप वेळानं त्यांनी ते टोक सोडलं आणि पुढं निघाल्या. नाव घेण्याचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. पुढचा सगळा रस्ता पायांनीच पार केला.

सलूनपाशी त्या पोचल्या तेव्हा उन्हं पार उतरली होती. बाकी सगळे कधीच येऊन बाहेर फूटपाथवर बसले होते. बँकवाली टाच वर करून बाकावर बसली होती, घड्याळवाला दारात उभा होता. फुकटीत शेवटचा माणूस आल्याशिवाय कुणी घरी जात नसे.

“आल्या, आल्या!” तो ओरडला. “काकू, मला वाटलं तुम्ही पार परदेशात निघून गेलात.”

काका आतल्या खुर्चीत बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. कुठल्या वळणाला किती वेळ लागतो याचा हिशेब त्या माणसाच्या रक्तात होता. बँकवाली येऊन जेवढा वेळ झाला होता, तेवढा वळशालाही लागत नाही. त्यांनी काकूंकडे बघितलं आणि आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, “वळशानं आलीस ना?”

हो म्हणायचं काकूंच्या ओठांपर्यंत आलं. हो म्हटलं असतं तर काका निवांत घरी आले असते. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “सरळ आले.”

काकांच्या हाताखाली काठी हलली. “मी सांगितलं होतं तुला.”

“सांगितलं होतं.”

“मग?”

“मला जायचं होतं तिथं.” काकू शेजारच्या खुर्चीत टेकल्या. “अहो, तिथं काही नाही. चौकच नाही. मी पुढं पळत गेले, मला कळलंसुद्धा नाही. विचारावं लागलं एकाला.”

काकांनी काठी आडवी मांडीवर घेतली. मग हळूच म्हणाले, “माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे?”

“कोपरा पाडला ते. बाकीच्या ड्रायव्हरांनी सांगितलं होतं. पूल व्हायच्या आधीच पाडला.”

सलूनवाल्यानं गिऱ्हाइकांसाठी लावलेला रेडिओ बंद केला. घड्याळवाल्याला एव्हाना काहीतरी उमगलं होतं. त्यानं एकदा काकूंकडे, एकदा काकांकडे बघितलं आणि बाहेर जाऊन पायरीवर पाठमोरा बसला. बँकवालीही उठली, लंगडत त्याच्या शेजारी गेली.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं,” काकू म्हणाल्या, “आणि तरी तुम्ही मला टाकीवरून फिरवत राहिलात?”

“तू एकदा गेलीस की तुला दिसणार. काही नाही म्हणून. मला वाटलं, हिच्या मनात आहे तोवर आहे. तेवढं तरी राहू दे.”

“मग पाडायच्या आधी न्यायचं होतं मला!” काकूंचा आवाज चढला. त्या कुणावर आवाज चढवणाऱ्या नव्हत्या. सलूनवाल्यानंही तो पहिल्यांदाच ऐकला. “एकदा बघितलं असतं मी. हात तरी लावला असता. तुम्ही एकटे जाऊन बघून आला असाल, आणि मला…”

“मी कुठं बघून आलो?”

काकू त्यांच्याकडे वळल्या.

“मी गेलो ते कळल्यावर,” काका म्हणाले. “तोवर सगळं खणून टाकलं होतं. नुसता खड्डा. एवढी वर्षं गाडी चालवली तिथून, आणि मला ठरवता येईना, कोपरा कुठला. खड्ड्याच्या कडेनं फिरलो. मग मुकादमानं हाकललं.” ते आरशाकडे बघून बोलत होते. आरशात काकू दिसत होत्या. “मी आधी जायला हवं होतं. नाही गेलो. धीर झाला नाही. आणि तुला काय तोंडानं सांगू, की मी उशीर केला म्हणून?”

सलूनवाला टॉवेल घेऊन आला होता. वाफाळता टॉवेल हातात धरून तो उभाच राहिला. कुणाच्या तोंडावर टाकायचा, त्याला कळेना. शेवटी त्यानं तो काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो तोंडाला लावला नाही, नुसता मांडीवर धरला.

“मी कधी बघितलंच नाही,” त्या म्हणाल्या. “ती तिथं उभी असायची ते. तुम्ही रोज बघायचात. मी एकदाही नाही. मी घरी असायचे.”

काकांनी मान हलवली.

“कशी उभी असायची?”

“कशी म्हणजे?”

“सांगा ना.”

काकांच्या जबड्याची हाडं हलत होती. “हात करायची,” ते म्हणाले. “अगं, बसथांबा तिथं. बापाची बस. थांबायचीच. तरी हात करायची. लांबून, गाडी सिग्नलला असतानाच. मी किती वेळा म्हटलं, चिंगे, वेडी आहेस का, लोक हसतात.”

“ती काय म्हणाली?”

“म्हणायची, तुम्ही विसरून निघून गेलात तर?”

काकूंच्या हातातला टॉवेल निवत चालला होता. “कुठला हात करायची?” त्यांनी विचारलं.

काकांनी खुर्चीत बसल्या बसल्या उजवा हात उचलला. मग तो खाली घेतला. काठी त्या हातात धरली आणि डावा उचलला, खांद्याच्या वर, पंजा उघडा ठेवून.

“डावा,” ते म्हणाले. “उजव्यात डबा असायचा. असा. असा करायची.”

तो हात तसाच वर राहिला. काकू उठल्या. त्या काकांच्या खुर्चीसमोर, आरशाकडे पाठ करून, थोडं मागं सरून उभ्या राहिल्या, आणि बस सिग्नलला उभी असताना काकांना लेक जशी दिसत असेल तशी आपल्यालाही दिसावी म्हणून त्यांच्या त्या हाताकडे बघत राहिल्या. सलूनवाला मागच्या दारानं पाणी आणायला निघून गेला.